ब्लूजचे दहाच अल्बम घ्यायचे असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लॅप्टन, लेड झेपेलिन, रोलिंग स्टोन्स हे रॉकवाले ऐकत ऐकत तुम्ही ब्लूजपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या त्या मूळ गाण्यांपर्यंत पोचलात आणि आता मूळ माणसं ऐकायची आहेत. 'हे हवेतच' अशा याद्या चाळल्या तर प्रत्येकीत शंभर-शंभर नावं निघतात, आणि खिशाला परवडतील असे अल्बम दहाच. तर कुठले घ्यावेत, आणि सीडी घ्यावी की रेकॉर्ड?

नावं देतोच, पण आधी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण सगळी निवड तिच्यावर ठरते. ब्लूजची बहुतेक थोर ध्वनिमुद्रणं ज्या काळात झाली, त्या काळात अल्बम ही वस्तूच नव्हती. होती ती दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची, लाखेची तबकडी. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, म्हणजे एक गाणं. (त्या तबकड्यांसाठी लागणारी लाख बरीचशी आपल्याच देशातून जायची, हे सहज सांगतो.) कोलंबिया कंपनीने लाँग-प्ले रेकॉर्ड बाजारात आणली १९४८ साली, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं ब्लूजचं गिऱ्हाईक सुट्या गाण्यांचंच राहिलं. कुणी ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून ऐकायचं, कुणी पगार झाला की एखादी तबकडी घरी न्यायचं. त्यामुळे आज 'मडी वॉटर्सचा अल्बम' म्हणून जे हातात येतं, ते बहुधा नंतर कुणीतरी केलेलं संकलन असतं. त्यात कुठल्या वर्षांची गाणी घेतली आणि कुठल्या टेपवरून उतरवली, यावर तुमचे पैसे सार्थकी लागतात की वाया जातात हे ठरतं.

म्हणून रॉकची सवय इथे थोडी बदला. आधी गायक ठरवा, मग त्याची कुठली पाच-सहा वर्षं हवीत ते ठरवा, आणि मग त्या वर्षांचं चांगलं संकलन शोधा. शंभर नावांच्या याद्यांमध्ये नेमकं हेच नसतं. १९३६चं लाखेच्या तबकडीवरचं गाणं आणि १९७७चा स्टुडिओतला अल्बम तिथे शेजारी शेजारी बसवलेले असतात, आणि नवा माणूस दोन्ही एकाच कानाने ऐकायला जातो.

सुरुवात मडी वॉटर्सपासून करा. 'द बेस्ट ऑफ मडी वॉटर्स', चेस कंपनी, १९५८. बारा गाणी, सगळी १९४८ ते १९५४ या काळातली. मडीचं खरं नाव मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड. मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेलजवळ स्टोव्हॉल नावाचा कापसाचा मळा आहे, तिथे तो ट्रॅक्टर चालवायचा आणि शनिवारी रात्री गायचा. १९४१च्या ऑगस्टमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन त्या मळ्यावर गेले. आपला आवाज तबकडीवरून ऐकल्यावर, आपण हे पोटापाण्यासाठी करू शकतो असं मडीला वाटलं. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला. त्याच काळात दक्षिणेतली लाखो काळी माणसं बटईची शेती सोडून इलिनॉय सेंट्रल रेल्वेने तिकडे चालली होती. शिकागोच्या बारमध्ये साध्या गिटारचा आवाज गर्दीत बुडायचा, म्हणून गिटार विजेवर गेली.

ही रेकॉर्ड हातात आली की क्रमाने ऐकू नका. आधी 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' लावा. ते १९४८चं आहे. त्यात मडी, त्याची गिटार आणि बिग क्रॉफर्डचा बास एवढंच आहे, ड्रमसुद्धा नाही. बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून तो तारेवरून घसरत जातो आणि गाण्याची ओळ संपली की तीच ओळ गिटारवर म्हणतो. लगेच त्यानंतर १९५४चं 'हूची कूची मॅन' लावा. आता लिटल वॉल्टरचा माउथऑर्गन आहे, ओटिस स्पॅनचा पियानो आहे, जिमी रॉजर्सची दुसरी गिटार आहे, आणि गाणं विली डिक्सनचं आहे. सगळा ताफा मिळून एक ठोका देतो आणि गप्प होतो. त्या मोकळ्या जागेत मडी एक ओळ म्हणतो, पुन्हा ठोका, पुन्हा शांतता. सहा वर्षांत काय घडलं ते या दोन गाण्यांत कळतं, त्यासाठी पुस्तक वाचावं लागत नाही. रोलिंग स्टोन्सनी आपलं नाव ज्या गाण्यावरून घेतलं, ते १९५०चं 'रोलिन स्टोन'ही याच बारा गाण्यांत आहे.

मडीचा 'ॲट न्यूपोर्ट १९६०' हा मैफलीचा अल्बम फार जिवंत आहे आणि १९७७चा 'हार्ड अगेन' दणदणीत आहे, पण ते नंतर. १९६८चा 'इलेक्ट्रिक मड' तुम्हाला रॉकमुळे ओळखीचा वाटेल आणि म्हणूनच तुम्ही तो आधी उचलाल. तसं करू नका.

दुसरा हाउलिन वुल्फ. इथे तुमचं नशीब चांगलं आहे. १९५९चा 'मोनिन इन द मूनलाइट' आणि १९६२चा, मुखपृष्ठावर झुलती खुर्ची असलेला 'हाउलिन वुल्फ', हे दोन्ही एका सीडीवर मिळतात. तीच घ्या. वुल्फचं खरं नाव चेस्टर बर्नेट. या धिप्पाड माणसाचा आवाज पहिल्यांदा ऐकताना बिचकायला होतं. घसा खरवडून निघालेला तो आवाज एकदम वर जाऊन लांडग्यासारखा ओरडतो. गिटार त्याला चार्ली पॅटनने शिकवली, माउथऑर्गन सनी बॉय विल्यमसनने. १९५१मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्सने त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं, हाच माणूस पुढे एल्व्हिस प्रेस्लीला पुढे आणणार होता. 'स्मोकस्टॅक लाइटनिंग'मध्ये कॉर्ड बदलतच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच घाट फिरत राहतो आणि त्यावर वुल्फ. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला यात अडचण यायचं कारण नाही. रॉक ऐकणाऱ्यांना उलट इथेच चुकल्यासारखं वाटतं.

या सीडीत ह्युबर्ट समलिनच्या गिटारकडे वेगळं लक्ष द्या. तो प्लेक्ट्रम (तार छेडायची छोटी पट्टी) न घेता बोटांनी वाजवायचा, त्यामुळे स्वराची सुरुवात मऊ आणि शेवट अणकुचीदार असा एक विचित्र नाद निघतो. 'किलिंग फ्लोअर' हे वुल्फचं प्रसिद्ध गाणं या सीडीवर नाही, ते १९६४चं. पण 'स्पूनफुल' आहे, 'लिटल रेड रूस्टर' आहे. पहिलं तुम्ही क्रीमकडून (क्लॅप्टनचा बँड) ऐकलंय, दुसरं स्टोन्सकडून. दोन्ही विली डिक्सनची. क्रीमचं 'स्पूनफुल' मैफलीत पंधरा-सोळा मिनिटं चालायचं. वुल्फचं तीन मिनिटांच्या आत संपतं आणि त्यात कमी काहीच नाही. १९६९चा 'द हाउलिन वुल्फ अल्बम' टाळा. तो वुल्फला स्वतःलाच आवडलेला नाही, हे कंपनीने मुखपृष्ठावरच छापलं होतं.

तिसरं, 'द बेस्ट ऑफ लिटल वॉल्टर'. हीसुद्धा १९५०च्या दशकातल्या चेसच्या सुट्या गाण्यांची गोळाबेरीज. माउथऑर्गन म्हणजे पिकनिकचं वाद्य अशी आपल्याकडे समजूत आहे. वॉल्टरने साधा, स्वस्त मायक्रोफोन माउथऑर्गनसकट दोन्ही तळव्यांत घट्ट धरला आणि गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून आवाज काढला. तो आवाज फाटतो, जाड होतो, सॅक्सोफोनच्या जवळ जातो. १९५२चं 'ज्यूक' हे त्याचं नुसतं वाद्यवादन अमेरिकेच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. त्यानंतर शिकागोत माउथऑर्गन वाजवणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या वाटेने जावं लागलं किंवा मुद्दाम ती वाट टाळावी लागली.

आता बी. बी. किंग. 'लाइव्ह ॲट द रीगल'. शिकागोच्या रीगल थिएटरात २१ नोव्हेंबर १९६४ला झालेला कार्यक्रम, अल्बम आला १९६५मध्ये. तुमच्या दहांपैकी एकच आज घ्यायचा असेल आणि घरात ब्लूज कधीच न ऐकलेली माणसं असतील, तर हा घ्या. यातलं 'हाऊ ब्लू कॅन यू गेट' नीट ऐका. नवरा गाऱ्हाणं मांडतोय. नवी फोर्ड घेऊन दिली तर तुला कॅडिलॅक हवी, दहा डॉलरचं जेवण घातलं तर तू त्याला चटकमटक खाणं म्हणालीस, आलिशान घरात ठेवलं तर ती तुला झोपडी वाटली. एकेका ओळीला श्रोत्यांचा आवाज चढत जातो. बायका किंचाळतात, पुरुष हसतात. आणि शेवटी तो म्हणतो, तुला सात मुलं दिली, आता ती परत करायला निघालीस! त्या क्षणी थिएटर फुटतं. हा नुसता टाळ्यांचा आवाज नाही. किंग जितकं गातो तितकंच समोरचे लोक गातात, आणि स्टुडिओत हे कधीही घडलं नसतं.

किंगची गिटार ऐकताना एक गोष्ट कानावर येईल. तो गाताना गिटार वाजवत नाही आणि गिटार वाजवताना गात नाही. आवाज थांबला की गिटार सुरू. बारा मात्रांच्या ब्लूजची रचनाच अशी आहे: पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी उत्तरादाखल, आणि प्रत्येक ओळ तिला मिळालेल्या जागेच्या अर्ध्यातच संपते. उरलेलं अर्धं वाद्याचं. (मात्रा म्हणतोय ते सोयीसाठी, खरं तर ते बारा बार, प्रत्येकात चार ठोके.) किंग त्या अर्ध्यात तार ओढून जो गंधार लावतो, तो कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, त्या दोघांच्या मधे कुठेतरी हलत असतो. दरबारीतला आंदोलित गंधार मन लावून ऐकलेल्या माणसाला ही जागा समजावून सांगावी लागत नाही. राग वेगळा, संस्कृती वेगळी, पण स्वराला खुंटीवर न टांगता हलता ठेवण्यातली गोडी तीच.

पाचवा ज्युनियर वेल्सचा 'हूडू मॅन ब्लूज', डेलमार्क, १९६५. इथे आपण पहिल्यांदा खऱ्या अर्थाने अल्बमपाशी येतो. डेलमार्कचा मालक बॉब कोस्टर शिकागोत रेकॉर्डचं दुकान चालवायचा. त्याने वेल्सला सांगितलं की तीन मिनिटांची काळजी करू नका, बारमध्ये रात्री जसं वाजवता तसं वाजवा. चारच माणसं: वेल्सचा आवाज आणि माउथऑर्गन, बडी गायची गिटार, जॅक मायर्सचा बास, बिली वॉरनचे ड्रम. बडी गायचा करार चेसशी असल्याने पहिल्या आवृत्तीवर त्याचं नाव 'फ्रेंडली चॅप' असं छापलं होतं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याचा ॲम्प्लिफायर बिघडला, तेव्हा गिटार ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरला जोडली गेली आणि काही गाण्यांत ती पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येते. आवाज मोठा न करता ऐकणाऱ्याला ताणून धरणं म्हणजे काय, ते या चौघांकडून शिकावं. कुणीही घाई करत नाही. ड्रमवाला कधी कधी नुसत्या कडेवर टिचक्या मारतो.

बडी गाय हे नाव मुंबईकरांना ओळखीचं असेल. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११मध्ये महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी तो आला होता, आणि नंतरही आला. त्याला तिथे ऐकून ज्यांनी त्याचे १९९१नंतरचे, दणक्यात वाजणारे अल्बम घेतले, त्यांना मी नेहमी 'हूडू मॅन'कडे पाठवतो. २९ वर्षांचा बडी गाय, दुसऱ्याच्या गाण्यात, एकेक स्वर मोजून टाकताना ऐकणं हा वेगळाच आनंद आहे.

सहावा जॉन ली हुकर, आणि इथे तुम्हाला सगळ्यात जास्त सावध राहावं लागेल. हुकरने १९४८मध्ये डेट्रॉइटला 'बूगी चिलन' केलं: एक माणूस, एक विजेची गिटार आणि पायाखालच्या लाकडी फळीवर आपटणारा बूट. बस. ते इतकं खपलं की पुढच्या काही वर्षांत तो मिळेल त्या कंपनीसाठी वेगवेगळ्या नावांनी गायला: टेक्सस स्लिम, डेल्टा जॉन, बर्मिंगहॅम सॅम, जॉन ली बुकर. नंतरच्या आयुष्यात तीच गाणी त्याने पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केली. त्यामुळे 'हुकर्स ग्रेटेस्ट हिट्स' असं लिहिलेली सीडी उचलली तर आत कुठल्या वर्षाचं, कुठल्या कंपनीचं काय निघेल याचा भरवसा नाही. मॉडर्न कंपनीसाठी १९४८ ते १९५४ या काळात केलेल्या गाण्यांचं संकलन मागा. हुकरला बारा बारची पर्वा नाही. ओळ संपली की तो कॉर्ड बदलतो, मग ते साडेअकरा बारवर असो की तेरावर. म्हणूनच त्याच्या मागे वाजवणाऱ्या चांगल्या चांगल्या वादकांची तारांबळ उडायची, आणि म्हणूनच तो एकटा असतो तेव्हा सर्वात उत्तम असतो.

आता मागे, गावाकडे. मिसिसिपीचा डेल्टा म्हणजे नदीचं मुख नव्हे. मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधली ती सपाट, काळी, कापसाची जमीन. तिथला रॉबर्ट जॉन्सन तुमच्या यादीत असणारच, कारण 'क्रॉसरोड्स' तुम्ही क्रीमकडून ऐकलंय. १९३६च्या नोव्हेंबरमध्ये सॅन अँटोनियोला आणि १९३७च्या जूनमध्ये डलासला, अशी दोनच वेळा त्याची ध्वनिमुद्रणं झाली. २९ गाणी. १९३८च्या ऑगस्टमध्ये, २७व्या वर्षी तो गेला. १९९०मध्ये आलेला दोन सीडींचा संपूर्ण संच लोक हौसेने घेतात, आणि अर्ध्यातच कंटाळतात. त्याचं कारण जॉन्सन नाही, संचाची मांडणी आहे: गाण्याचे दोन टेक, म्हणजे एकच गाणं दोनदा ध्वनिमुद्रित केलेलं, असतील तर ते एकापाठोपाठ एक लावलेले आहेत. अभ्यासकाला ते सोयीचं, ऐकणाऱ्याला शिक्षा. त्यापेक्षा १९६१ची 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' घ्या. सोळा गाणी, आणि हीच रेकॉर्ड ऐकून इंग्लंडमधली ती सगळी पोरं वेडी झाली. 'स्वीट होम शिकागो' आणि 'लव्ह इन व्हेन' तिच्यात नाहीत, ती १९७०मध्ये निघालेल्या, याच रेकॉर्डच्या दुसऱ्या भागात आहेत. पण पहिलीच आधी घ्या.

जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून ही कला मिळवली, ही गोष्ट मनातून काढून टाका. तीच गोष्ट त्याच्या आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जायची. रॉबर्ट जॉन्सन हा मेहनती माणूस होता. इतरांच्या रेकॉर्ड बारकाईने ऐकायचा आणि पियानोचा डावा हात गिटारच्या खालच्या तारांवर उतरवायचा. हेडफोन लावून ऐका: अंगठा एक चालत्या बासची ओळ चालवतो, बाकीची बोटं वरती उत्तरं देतात, आणि वर तो गातोय. पहिल्यांदा ऐकणाऱ्या कुणालाही दोन गिटार आहेत असंच वाटतं.

जॉन्सनला उमेदवारीच्या काळात हाकलून देणारा सन हाऊस हा माझा आठवा. 'फादर ऑफ फोक ब्लूज', कोलंबिया, १९६५. हाऊस तरुणपणी धर्मोपदेशक होता. १९३०मध्ये त्याने पॅरामाउंट कंपनीसाठी काही गाणी केली, पुढे १९४१-४२मध्ये लोमॅक्सने त्याला ध्वनिमुद्रित केलं, आणि मग तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला जाऊन रेल्वेत नोकरी करू लागला. १९६४मध्ये तीन तरुण चाहते त्याला शोधत तिथे पोचले तेव्हा त्याच्याकडे गिटारही नव्हती. त्याची जुनी गाणी ॲलन विल्सन नावाच्या विशीतल्या मुलाने त्याच्याबरोबर बसून त्याला पुन्हा आठवून दिली. या अल्बममधलं 'डेथ लेटर' म्हणजे धातूच्या गिटारवर हात आपटून म्हटलेली हकिकत. सकाळी पत्र येतं, तुझ्या बाईचा मृत्यू झाला, लवकर ये. तो जातो आणि फळीवर ठेवलेलं तिचं प्रेत बघतो. यानंतर 'ग्रिनिन इन युवर फेस' ऐका. गिटार नाही. म्हातारा माणूस, त्याच्या टाळ्या, आणि त्या टाळ्यासुद्धा ठेक्यात नीट बसत नाहीत. मला विचाराल तर ब्लूजमध्ये याच्या वर काही नाही.

आता कुणी म्हणेल की हाऊसची १९३०ची मूळ गाणी अधिक तेजस्वी आहेत. आहेतच. पण पॅरामाउंट ही लाकडी फर्निचर करणाऱ्या विस्कॉन्सिन चेअर कंपनीची पोटशाखा. ग्रामोफोनच्या पेट्या खपाव्यात म्हणून त्यांनी रेकॉर्डही काढल्या. माल हलका, आणि मूळ धातूचे साचे टिकले नाहीत. उरलंय ते झिजलेल्या तबकड्यांवरून उतरवलेलं. चार्ली पॅटन, १९३१चा स्किप जेम्स, हाऊसची पहिली गाणी, सगळं त्या खरखरीच्या पडद्याआड आहे. कान तयार झाला की तुम्ही आपणहून तिकडे जाल. पहिल्या दहात पैसे घालू नका, आधी ऑनलाइन ऐकून पाहा.

नववा मात्र जुनाच घ्या, कारण ओके कंपनीचं काम चांगलं होतं: मिसिसिपी जॉन हर्टची १९२८ची तेरा गाणी, 'ॲव्हलॉन ब्लूज' या नावाने एका सीडीवर मिळतात. आत्तापर्यंतची सगळी माणसं ओरडणारी. हा कुजबुजतो. अंगठा घड्याळासारखा दोन खालच्या तारांवर, आणि गाण्याची चाल वरच्या तारांवर जशीच्या तशी. त्या तेरांपैकी एका गाण्यात त्याने आपल्या गावाचं नाव घेतलं होतं. तेवढ्या धाग्यावरून १९६३मध्ये एक चाहता नकाशा घेऊन ॲव्हलॉनला पोचला आणि सत्तरीचा हर्ट तिथेच शेतावर सापडला. घरात लहान मूल असेल तर ही सीडी त्यालाही आवडेल.

दहावी बेसी स्मिथ. शेवटी लिहितोय, पण काळाने ही सगळ्यांच्या आधीची. १९२०मध्ये मामी स्मिथचं 'क्रेझी ब्लूज' प्रचंड खपलं आणि काळी माणसंही रेकॉर्ड विकत घेतात हे कंपन्यांना कळलं. त्यानंतरची काही वर्षं ब्लूज म्हणजे बायकाच होत्या: मा रेनी, बेसी, आणि इतर कितीतरी. पोशाख, मोत्यांच्या माळा, फिरते तंबू, मागे जॅझचे वादक. गिटार घेतलेला एकटा पुरुष ही प्रतिमा नंतरची, आणि ती इतकी घट्ट बसली आहे की बहुतेक याद्यांत बेसी जॅझमध्ये ढकललेली असते किंवा नसतेच. 'द इसेन्शियल बेसी स्मिथ' हा १९९७चा दोन सीडींचा संच घ्या. संपूर्ण संचाच्या वाटेला आत्ता जाऊ नका.

त्यातलं 'सेंट लुइस ब्लूज' जानेवारी १९२५चं आहे. मायक्रोफोन यायला अजून थोडा अवकाश होता; गायिका भोंग्यासमोर उभी राहून गायची. साथीला दोघंच. कॉर्नेटवर तेव्हाचा तरुण लुई आर्मस्ट्राँग, आणि फ्रेड लाँगशॉ, ज्याने पियानोऐवजी हार्मोनियम घेतलंय. आपल्या संगीत नाटकात जो पायाने भाता हलवायचा ऑर्गन असायचा, त्याच्या जातीचं वाद्य. त्याचा तो लांब, धरून ठेवलेला सूर ऐकला की नाट्यपदं ऐकून वाढलेल्या माणसाला एकदम घरच्यासारखं वाटतं. बेसी ओळ सोडते, आर्मस्ट्राँग ती उचलतो, मुरड घालून परत देतो, आणि मधे लाँगशॉ सूर खाली पडू देत नाही. चाळीस वर्षांनी रीगलमध्ये किंग आपल्या गिटारशी करत होता ते हेच.

हे झाले दहा. अल्बर्ट किंगचा १९६७चा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' मी मुद्दाम बाहेर ठेवला. क्लॅप्टनने त्याच्याकडून इतकं घेतलंय की तुम्ही तो न ऐकताही अर्धा ऐकलेला आहे. तो तुम्हाला केव्हाही आवडेल. मॅजिक सॅमचा 'वेस्ट साइड सोल' बाहेर ठेवताना मात्र जिवावर आलं. अकरावा घेणार असाल तर तोच. झेपेलिनमुळे 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' कुणाचं हे शोधत गेलात, तर ते कान्सस जो आणि मेम्फिस मिनी या जोडप्याचं, १९२९चं. मिनीची गिटार ऐकल्यावर तिचं संकलन तुम्ही घ्यालच.

खरेदीबद्दल. काळाघोड्याचं रिदम हाऊस २०१६मध्ये बंद झालं. काउंटरवर सीडी चाळून, विचारून घ्यायची सोय आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे, त्यामुळे तुम्ही बहुधा ऑनलाइनच घ्याल. तेव्हा मागच्या बाजूचा फोटो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. गाणं कधी ध्वनिमुद्रित झालं ते वर्ष आणि मूळ कंपनीचं नाव दिलेलं नसेल तर ते संकलन सोडून द्या. सनी बॉय विल्यमसन या नावाचे दोन वेगळे माउथऑर्गनवाले होते, एक १९४८मध्ये शिकागोत मारला गेला आणि दुसरा १९६५पर्यंत गात होता, आणि स्वस्त सीड्यांवर दोघांची सरमिसळ असते. अल्बर्ट, बी. बी. आणि फ्रेडी या तीन किंगांचंही एकमेकांशी नातं नाही. जुनी गाणी 'स्वच्छ' करण्याच्या नादात खरखरीबरोबर आवाजाची वरची धारही कापलेली असते. खरखर थोडी राहिली तरी चालेल, पण गायक उशीत तोंड खुपसून गातोय असं वाटलं तर ती आवृत्ती नको.

आता सीडी की रेकॉर्ड. युरोपात १९६३च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांवरचे हक्क संपले आहेत, त्यामुळे मडी, वुल्फ, जॉन्सन यांच्या चकचकीत नव्या रेकॉर्ड तिथल्या अनेक छोट्या कंपन्या काढतात. त्यांच्यापाशी मूळ टेप नसतात, आणि बऱ्याचदा सीडीवरूनच रेकॉर्ड कापलेली असते. दुप्पट पैसे देऊन सीडीच ऐकायची तर सीडीच घ्यावी. दहांपैकी सात मुळात सुटी गाणी आहेत. ती सीडीवर ऐकण्यात काही गमावत नाही. उरलेली तीन, म्हणजे 'लाइव्ह ॲट द रीगल', 'हूडू मॅन ब्लूज' आणि 'फादर ऑफ फोक ब्लूज', लाँग-प्ले म्हणूनच निघालेली, दोन बाजूंची, आणि योगायोगाने तिन्ही १९६५ची. घरात टर्नटेबल असेल तर रेकॉर्डचे पैसे या तिघींवर घाला.